पंपिंग ६० टक्के असलं तरी

वर विचारलंय, ‘वडिलांच्या टूडी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग ६० टक्के, म्हणजे नॉर्मल आलं, मग पोटातल्या पाण्याचं कारण हृदयात कसं असेल?’ असू शकतं. घरचाच अनुभव सांगतो. कळव्याच्या माझ्या मामांच्या पोटात पाणी, पायांवर सूज. आठ महिने लिव्हरचीच औषधं चालली. शेवटी ठाण्यातल्या एका डॉक्टरांनी त्यांना उठवून बसवलं आणि मानेची फुगलेली शीर पाहिली. नुसत्या सिरॉसिसमध्ये (लिव्हर कडक होण्याच्या आजारात) ती सहसा अशी फुगत नाही.

मामांना निघाला कन्स्ट्रिक्टिव्ह पेरिकार्डायटिस. यात हृदयाभोवतीचं आवरण कडक होतं. हृदय आकुंचन नीट पावतं, पण त्याला पुरतं भरता येत नाही, म्हणून पंपिंगचा आकडा चांगलाच दिसतो. इको करताना मुद्दाम श्वासाबरोबर बघावं लागतं: श्वास आत घेताना हृदयाच्या दोन कप्प्यांमधला पडदा डावीकडे झुकतो, डाव्या बाजूच्या मायट्रल झडपेतला प्रवाह घटतो, पोटातली मोठी शीर फुगलेलीच राहते.

सीटीत आवरणावरचं कॅल्शियम स्पष्ट कळतं. पण आवरण जाड नाही म्हणजे आजार नाही, असं कृपा करून मानू नका. ऑपरेशनमध्ये निदान पक्कं झालेल्या काही रुग्णांतही जाडी नॉर्मल निघते. एमआरआयमध्ये गॅडोलिनियम (शिरेतून देतात ते कॉन्ट्रास्ट औषध) दिल्यावर आवरणाचा दाह दिसला, तर औषधांनी उतार पडण्याची आशा असते. मामांच्या दुखण्याचं मूळ जुन्या टीबीत होतं, आणि आपल्याकडे हे कारण वारंवार सापडतं.

वडिलांना पूर्वी टीबी झाला होता का, तेवढं कळवा. आणि पुढच्या इकोच्या चिठ्ठीवर ‘कन्स्ट्रिक्शनची शंका’ असं डॉक्टरांकडून आवर्जून लिहून घ्या.