प्रेस मशीनचा गार्ड (हात वाचवणारं कव्हर) काढायला लावतात, युनियन काय करेल?

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) पॉवर प्रेसवर आहे, पीस वाढावेत म्हणून सुपरवायझर गार्ड काढून चालवायला लावतो, एकाचं बोट गेलं तरी तेच. आमची युनियन बोनस सोडून बोलत नाही. हे त्यांचं काम नाही का?

> आहेच की! भोपाळनंतर १९८७ मध्ये तेव्हाच्या फॅक्टरी ॲक्टात (२०२५ पर्यंत लागू) कलम ४१-जी घातलं होतं, धोकादायक प्रोसेस असेल तिथे सेफ्टी कमिटी, कामगार-मॅनेजमेंट निम्मे निम्मे. प्रेसच्या गार्डची जबाबदारी तर सरळ मालकाची.

> एकटा बोलू नकोस, गेटबाहेर काढतील, त्यात काँट्रॅक्टवर असशील तर बघायलाच नको. युनियनच्या लेटरहेडवर मशीन नंबर टाकून तक्रार द्या, कॉपीवर मिळाल्याचा शिक्का घ्या, नाहीच ऐकलं तर फॅक्टरी इन्स्पेक्टर.

शिक्का मारतच नाहीत हो.

> मग पोस्टाने पाठवा, पावती जपून ठेवा.