मदत हवी आहे: घरकामाच्या ताईंच्या मुलीसाठी रक्कम कशात गुंतवावी?

सासूबाईंच्या आजारपणात आमच्याकडे काम करणाऱ्या ताईंनी पगारापलीकडे जाऊन जी शुश्रूषा केली, तिच्याबद्दलच्या कृतज्ञतेपोटी त्यांच्या ११ वर्षांच्या मुलीच्या शिक्षणासाठी ५०,००० रुपये बाजूला ठेवण्याची इच्छा आहे. ही मुलगी शाळा सुटल्यावर आमच्या कपाटासमोर फरशीवर बसून वाचते आणि अर्धवट राहिलेल्या पानात बसचे तिकीट घालून ठेवते; पुस्तकांचा खर्च मी वेगळा करणारच आहे.

रोख दिल्यास रक्कम घरच्या देण्यांत जाईल, असे ताईच म्हणाल्या. मुलींसाठीच्या सरकारी बचत योजनेचे, म्हणजे ‘सुकन्या समृद्धी’चे खाते वयाच्या १० वर्षांच्या आतच उघडावे लागते, तर पीपीएफची (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीची) १५ वर्षांची मुदत कॉलेजच्या दृष्टीने फार लांबची. पोस्टाचे ५ वर्षांचे राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र मात्र १० वर्षांवरील मुलांना स्वतःच्या नावे घेता येते, म्हणून तेच मला योग्य वाटते. आधार कार्ड आणि जन्मदाखला तयार आहे. ताईंना उपकाराचे ओझे वाटू नये, म्हणून कागदोपत्री माझे नाव शक्यतो नको.

मुदत संपेल तेव्हा मुलगी १६ वर्षांची, म्हणजे अल्पवयीनच असेल. अशा वेळी रक्कम थेट तिच्या बचत खात्यात जमा होते, की पालकांची सही लागते? आणि नात्यात नसलेल्या व्यक्तीच्या धनादेशाने हे प्रमाणपत्र घेता येते का?