क्लॅमिडिया आयजीजी पॉझिटिव्ह, दोन्ही ट्यूब बंद: मदत हवी आहे

नमस्कार. मी नागपूरची. हा धागा वहिनीसाठी काढतेय, तिला विचारूनच.

दादा-वहिनीच्या लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. दादाचा रिपोर्ट नॉर्मल. वहिनीची धंतोलीत एचएसजी (गर्भाशयात रंग सोडून काढलेला एक्स-रे) केली, त्यात उजवी ट्यूब, म्हणजे गर्भनलिका, गर्भाशयाजवळच बंद, डावी टोकाला बंद आणि पाण्याने फुगलेली निघाली. मग रक्त तपासलं तर क्लॅमिडिया नावाच्या जिवाणूविरुद्धच्या अँटिबॉडी, म्हणजे आयजीजी, पॉझिटिव्ह. तिला कधीच काही त्रास नव्हता, ना ओटीपोटात दुखणं, ना अंगावरून पांढरं जाणं.

दादाने नेटवर "लैंगिक आजार" एवढंच वाचलं आणि तेव्हापासून घरात अबोला आहे. आईने वहिनीच्या माहेरी फोन केला. ती माझ्याजवळ येऊन खूप रडली. मला तिच्या बाजूने बोलायचंय, पण पक्कं माहीत असल्याशिवाय दादा ऐकणार नाही. या रिपोर्टचा अर्थ तिला आत्ता संसर्ग आहे असा होतो का? तो कधी झाला हे कळतं का? गोळ्यांनी ट्यूब उघडतील का? डॉक्टर सरळ आयव्हीएफ म्हणतात, ते करावं का?

मोगरा:
ताई, मी मायक्रोबायोलॉजीत काम करते. आधी घरातल्या भांडणाचं बोलू. आयजीजी म्हणजे शरीराची या जिवाणूशी कधीतरी गाठ पडली होती, इतकंच. या अँटिबॉडी वर्षानुवर्षं रक्तात राहतात. संसर्ग कधी झाला, कोणाकडून कोणाला गेला, हे त्या आकड्यावरून जगातला कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. खोकला-न्यूमोनिया करणारा क्लॅमिडियाचा एक भाऊबंद आहे, त्याच्या अँटिबॉडीमुळेही काही किटवर पॉझिटिव्ह येतं. या कागदावरून कुणाच्या चारित्र्यावर बोट ठेवणं हा अन्याय आहे. दादाला हे स्पष्ट सांगा. आणि बहुतेक बायकांना या संसर्गात काहीच लक्षण जाणवत नाही, वहिनी खरंच बोलतेय.

आत्ता संसर्ग आहे का, हे पीसीआरने, म्हणजे जिवाणूचा डीएनए शोधणाऱ्या तपासणीने, कळतं. वहिनीचा योनीमार्गातला स्वॅब आणि दादाची लघवीची पहिली धार, दोघांचीही तपासणी करा. पॉझिटिव्ह आलं तर साधारणपणे डॉक्सीसायक्लिन १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, ७ दिवस देतात. दिवस राहिलेले असतील तर ते चालत नाही, अॅझिथ्रोमायसिन देतात. एकट्या वहिनीने गोळ्या घेऊन उपयोग नाही, दोघांनी घ्यायच्या आणि कोर्स संपेपर्यंत संबंध टाळायचे. ३ महिन्यांनी पुन्हा तपासणी. सरकारी रुग्णालयांच्या सुरक्षा क्लिनिकमध्ये सल्ला आणि औषधं मोफत मिळतात, गुप्तताही पाळतात.

ट्यूब मात्र गोळ्यांनी उघडत नाहीत. हा जिवाणू पेशीच्या आत शिरून वाढतो आणि त्याला हुसकायला शरीर जी लढाई करतं, तीच ट्यूबला भोवते. सूज येते, बीज पुढे सरकवणारे आतले बारीक केस नष्ट होतात, व्रण होऊन भिंती चिकटतात. शरीर इंटरफेरॉन गॅमा नावाचं प्रथिन सोडून पेशीतलं ट्रिप्टोफॅन, म्हणजे जिवाणूला वाढायला लागणारं अमिनो आम्ल, तोडतं, त्याला उपाशी मारायला बघतं. प्रयोगशाळेत दिसतं की तो कधी कधी मरत नाही, दबा धरून राहतो आणि एचएसपी ६० नावाचं प्रथिन बनवत राहतो. ट्यूब खराब झालेल्या स्त्रियांमध्ये या प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडी जास्त सापडतात. आपल्या पेशींतही तसंच प्रथिन असतं, त्यामुळे शरीर स्वतःवरच उलटतं का, असा संशोधकांना संशय आहे. एकाच संसर्गाने सगळ्यांच्या ट्यूब का जात नाहीत, याचं निदान थोडं तरी उत्तर इथे आहे असं मला वाटतं.

वऱ्हाडी ताई:
क्लॅमिडियावरच थांबू नका. आपल्याकडे ट्यूब बंद होण्यामागे गर्भाशयाचा टीबी बऱ्याचदा असतो आणि तोही मुकाट्याने येतो. माझ्या बहिणीचं तेच निघालं. गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा कल्चर (जिवाणू वाढवून बघणं) आणि सीबीनॅट (टीबीची मशीनवरची जनुकीय तपासणी) यांना पाठवायला सांगा. नुसत्या टीबी-पीसीआरवर औषधं सुरू करू नका, ते खोटं पॉझिटिव्हही येतं.

धागाकर्ती:
खूप धन्यवाद. दादाला पहिला परिच्छेद वाचून दाखवला. तो काही बोलला नाही, पण लघवीची तपासणी करायला तयार झालाय. आता आयव्हीएफचं सांगा ना. पैसे कसेबसे एकदाच जमतील.

मोगरा:
मग तर घाई नकोच. फुगलेल्या ट्यूबमधलं पाणी गर्भाशयात उतरतं आणि त्याने आयव्हीएफचं यश जवळपास निम्म्यावर येतं. म्हणून आधी दुर्बिणीतून ती ट्यूब काढतात किंवा गर्भाशयाजवळ बंद करतात. हे पॅकेजमध्ये आहे का, नसेल तर का नाही, हे पैसे भरण्याआधी विचारा. उजवी ट्यूब एचएसजीच्या वेळी आकुंचन पावल्यामुळेही बंद दिसू शकते. दुर्बिणीतच निळा रंग सोडून ती खरंच बंद आहे का ते बघता येतं, टीबीच्या खुणाही दिसतात. उजवी उघडी निघाली आणि आपोआप दिवस राहिले, तर पाळी चुकल्याबरोबर सोनोग्राफी करा, गर्भ ट्यूबमध्ये अडकण्याचा धोका असतो. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला जाताना एचएसजीच्या फिल्म सोबत न्या, नुसता टाईप केलेला रिपोर्ट पुरत नाही. आणि दादाला सोबत घेऊन जा.