अंतुले : सिमेंटही खरं, निराधारचा पगारही खरा. दोन पानांत लिहायचं कसं?

खाडीकाठचा :

गावच्या शाळेची स्मरणिका निघते आहे. 'आपल्या जिल्ह्याने दिलेले मुख्यमंत्री' हा लेख माझ्या गळ्यात पडलाय. रायगड जिल्हा, त्यातही आम्ही दक्षिणेकडचे, अंतुल्यांचं आंबेत गाव काही लांब नाही. म्हणजे बॅरिस्टर अ. र. अंतुले, १९८० ते ८२ मधले मुख्यमंत्री. दोन पानं, फार तर अडीच.

अडचण माहितीची नाही, घरची आहे. मोठे काका म्हणतात, माणूस २०१४ च्या डिसेंबरात गेला, आता कशाला उकरायचं, मरणान्तानि वैराणि. हेडमास्तरांचं म्हणणं, वाद नको, चांगलं तेवढंच लिहा. आणि वडील म्हणतात, सिमेंट लिहिणार नसशील तर खाली माझं आडनाव छापू नकोस.

वडिलांचं कारण सांगतो. ८१ साली त्यांनी घर बांधायला काढलं. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं. अर्ज केला, जोतं झालं, आणि पुढचं परमिट काही येईना. दोन पावसाळे जोत्यावर गवत उगवलं. शेवटी काळ्या बाजारातून गोण्या घेतल्या आणि माडीचा बेत सोडून दिला. त्याच सुमारास पेपरात येऊ लागलं की मुंबईत बिल्डरांना अंतुल्यांच्या ट्रस्टला देणगी दिली की कोट्यापेक्षा जास्त सिमेंट मिळतं. वडिलांच्या डोक्यात हे दोन्ही एकमेकांना शिवले गेले ते गेलेच.

दुसरीकडे माझी आत्या. लग्नानंतर काही वर्षांतच विधवा झाली. संजय गांधी निराधार योजनेवर तिने मुलगी वाढवली. ती योजना अंतुल्यांनीच १९८० मध्ये आणली. आत्यासमोर अंतुल्यांविषयी वाकडा शब्द काढायची सोय नाही.

तर विचारायचं असं की गेलेल्या माणसाचा हिशोब मांडताना आत्या आणि वडील यांना एकाच कागदावर कसं बसवायचं? 'काही चांगलं, काही वाईट' असलं गुळमुळीत मला लिहायचं नाही.

तिरकस :

सोपं आहे. पहिल्या पानावर सिमेंट, दुसऱ्यावर त्यांनी लंडनहून आणतो म्हटलेली आणि यायची राहिलेली शिवरायांची भवानी तलवार. उरलेल्या अर्ध्या पानात २००८. २६/११ च्या हल्ल्यात मारले गेलेले पोलीस अधिकारी हेमंत करकरे यांच्या मृत्यूबद्दल केंद्रीय मंत्रिपदावर बसून शंका काढली, संसदेत गदारोळ झाला, गृहमंत्री चिदंबरम यांना सभागृहात उभं राहून ती शंका खोडावी लागली. पुढच्याच वर्षी रायगडकरांनी लोकसभेला त्यांना पाडून अनंत गीतेंना निवडून दिलं. मतदारांनी मूल्यमापन माणूस जिवंत असतानाच उरकलं होतं, तुम्ही कशाला त्रास घेता?

वकिलीबाणा :

काकांना सांगा, 'मरणान्तानि वैराणि' हे राम बिभीषणाला म्हणतो ते रावणाच्या अंत्यसंस्कारासाठी. भावाला अग्नी दे, एवढंच. रावणाने सीता पळवली नव्हती असं राम कुठेही म्हणत नाही.

आता कोर्टाचा भाग. यात लोक दोन्ही बाजूंनी चुकीचं लिहितात म्हणून जरा नेटकं सांगतो.

१९८१ च्या ऑगस्टअखेर अरुण शौरींनी इंडियन एक्स्प्रेसमध्ये इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानच्या देणग्यांचं प्रकरण बाहेर काढलं. १२ जानेवारी १९८२ ला मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती लेन्टिन यांनी निकाल दिला की बिल्डरांच्या देणग्या आणि त्यांना मिळालेलं सिमेंट यांचा एकमेकांशी संबंध आहे. (हेच लेन्टिन पुढे जे. जे. रुग्णालयातल्या ग्लिसरॉल मृत्यूंच्या चौकशीवर होते.) मुख्यमंत्रिपद गेलं. पण हा निकाल रिट याचिकेतला होता, फौजदारी खटल्यातला नाही.

फौजदारी तक्रार भाजपच्या रामदास नायकांची. तिचा प्रवास पाहा. विशेष न्यायालयात अडली ती खटला चालवायला लागणाऱ्या सरकारी पूर्वपरवानगीच्या मुद्द्यावर. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ज्या पदाचा गैरवापर झाला म्हणता ते पदच सुटलंय, तेव्हा परवानगी लागत नाही, आणि खटला थेट उच्च न्यायालयाकडे दिला. २९ एप्रिल १९८८ ला सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने म्हटलं की तो असा हलवणंच कायद्याला धरून नव्हतं. तोवरचं सगळं काम वाया. पुढे १९९१ मध्ये याच प्रकरणात जलद खटल्याच्या हक्काची तत्त्वं घालून दिली गेली, ती आजही आम्ही खालच्या कोर्टात वाचून दाखवतो. दहा वर्षं रखडलेल्या प्रकरणातून जलद न्यायाचा निकाल निघाला, आता काय बोलायचं.

तेव्हा लेखात 'दोषी ठरले' लिहू नका, कारण शिक्षा कधी झाली नाही. आणि 'न्यायालयाने निष्कलंक ठरवलं' हेही लिहू नका. १९८८ चा निकाल खटला कुठे चालावा याबद्दल होता. देणगी आणि सिमेंट यांच्या संबंधाबद्दल त्यात त्यांना काही प्रमाणपत्र मिळालेलं नाही.

दोडामार्गकर :

सिंधुदुर्ग विसरू नका बरं, तो जिल्हा अंतुल्यांच्याच काळात झाला. १ मे १९८१ च्या आधी आम्ही रत्नागिरी जिल्ह्यात. कलेक्टर कचेरीत काम असलं की आदल्या रात्री निघायचं, आणि साहेब दौऱ्यावर असले की रत्नागिरीत ओळखीच्याकडे मुक्काम. माझे आजोबा जमिनीच्या अपिलासाठी असे खेटे घालून थकले आणि शेवटी अपीलच सोडलं. नव्या जिल्ह्याची कचेरी ओरोसला आली तेव्हा ते म्हणाले, आता भांडायला परवडेल. सिमेंटचं जे असेल ते असेल.

संगायो टेबल :

महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. नोकरी बरीचशी जालना जिल्ह्यात, जो सिंधुदुर्गाच्याच दिवशी झाला. तालुक्याचं नाव सांगत नाही, तिथले लोक अजून ओळखतात. नोकरीतला मोठा काळ माझ्याकडे संजय गांधी योजनेचं, म्हणजे संगायोचं टेबल होतं, त्यामुळे खाडीकाठच्या आत्यासारख्या कितीतरी जणींचे कागद माझ्या हाताखालून गेलेत.

या टेबलावर कोणी खुशीने यायचं नाही. वरकमाई नाही, गर्दी भरपूर, आणि समोर उभा असलेला माणूस बहुधा तालुक्यातला सगळ्यात खचलेला. विधवा, नवऱ्याने टाकलेल्या बाया, अपंग, आजाराने काम सुटलेले. रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, तलाठ्याचा चौकशी अहवाल. वर्षाला एकदा हयातीचा दाखला. त्या दिवसांत कचेरीच्या ओट्यावर जत्रा. एकदा एका म्हातारीला नातवाने पाठुंगळीला मारून आणलं आणि माझ्या टेबलासमोर उतरवून म्हणाला, घ्या, जित्ती हाय, मांडा.

आणखी एक आजी दर महिन्याला यायची. पैसे लांबले की विचारायची, "संजय गांधी सायेबाची बदली झाली का? पगार का नाही आला?" संजय गांधी जून १९८० मध्येच विमान अपघातात गेले होते, हे तिला मी कशाला सांगू. अंतुले हे नाव तर माझ्या टेबलावर कधी कोणाच्या तोंडून ऐकलं नाही. ज्या माणसाने हे सुरू केलं त्याला या लोकांकडून एकही मत त्याच्या नावावर मिळालं नसणार. योजनेला नाव दिलं ते पक्षश्रेष्ठींना खूश करायला, हे तर शेंबडं पोरही सांगेल. पण त्या नावाखाली जे उभं राहिलं ते खुशामतीपेक्षा टिकाऊ निघालं.

आता मुद्द्यावर येतो. आत्या आणि वडील यांना एका तराजूत घालूच नका. निराधारचा पगार सरकारी तिजोरीतून येतो, म्हणजे तुमच्या वडिलांनी भरलेल्या करातून. प्रतिष्ठानच्या देणग्या बिल्डरांच्या आणि साखर कारखान्यांच्या. आत्याला मिळालेल्या पैशातला एकही रुपया त्या सिमेंटमधून आलेला नाही. मग आत्याचं भलं झालं म्हणून सिमेंट माफ, ही वजाबाकी येते कुठून? आणि सिमेंट झालं म्हणून आत्याचा पगार खोटा, हेही नाही. दोन वेगळी खाती आहेत. आम्ही कचेरीत एका लेखाशीर्षाचा पैसा दुसऱ्यात टाकला असता तर निलंबित झालो असतो.

खरं पाहायचं ते दुसरंच. प्रत्येक कामापुढे एवढंच विचारा की या माणसाची सही काढून घेतली तर हे काम चालू राहतं का?

निराधार योजना चालू राहिली. जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्रिपदी बाबासाहेब भोसले आले, मग वसंतदादा आले, पुढे युतीचं सरकार आलं, काँग्रेस परत आली, पुन्हा गेली. फॉर्म बदलले, रक्कम बदलली (किती वर्षं सहाशेवर अडकली होती, मग हजार, २०२३ मध्ये दीड हजार), पण निकषात बसणाऱ्या बाईला मुख्यमंत्र्याची ओळख लागली नाही. कारण ते शासन निर्णयात, निकषांत, रजिस्टरात उतरलं. माझ्यासारखा एक साधा कारकून ते चालवू शकत होता. जिल्ह्यांचंही तेच. दोडामार्गकरांच्या आजोबांना ओरोसला जायला कोणाची चिठ्ठी लागत नव्हती.

सिमेंटचं नेमकं उलटं. सिमेंट कमी, भाव बांधलेले, वाटप सरकारच्या हातात. कोट्याचा नियम होता, पण त्याच्या वर द्यायची मुभा माणसाच्या हातात होती, आणि तिचीच किंमत झाली. अंतुले गेले आणि महिन्या-दीड महिन्यात, फेब्रुवारी १९८२ च्या अखेरीस, केंद्राने सिमेंटवरचं नियंत्रण अंशतः उठवलं. सही स्वस्त झाली. तुमच्या वडिलांना घर आणखी थोडं थांबून बांधायला सांगणारा कोणी भेटला नाही, दुसरं काय.

एकच माणूस, तोच तडकाफडकी स्वभाव. लोक कौतुकाने सांगतात की अंतुले फाईल फिरू द्यायचे नाहीत, जागच्या जागी निर्णय. कौतुकाचीच गोष्ट आहे. पण जागच्या जागी घेतलेला निर्णय नंतर नियमात उतरला का, हे पाहिल्याशिवाय मी तरी टाळी वाजवणार नाही. दोन पानं असतील तर दीड पान याच्यावर खर्च करा. तलवार एका ओळीत जाऊ द्या.

तिरकस :

टेबलकाका, वाचायला छान वाटलं. पण तालुक्याची निराधार समिती विसरलात की काय? अध्यक्ष पुढाऱ्याचा कार्यकर्ता, बैठक त्याच्या सवडीने, आणि अर्ज मंजूर व्हायला त्याच्या दारात फेरी. तुमची ती 'सही' तालुक्यात उतरली, संपली कुठे?

संगायो टेबल :

विसरलो नाही, मुद्दाम लांबवलं नाही. समितीची बैठक सहा-सहा महिने होत नसे आणि अर्जांचा गठ्ठा माझ्या कपाटात. निवडणुका लागल्या की मात्र भराभर मंजुऱ्या. पण फरक सांगतो. अध्यक्ष अर्ज अडवू शकत होता, पण निकषात बसणाऱ्या बाईचा अर्ज फेटाळायला त्याला कारण लिहावं लागायचं, आणि ते तहसीलदारांच्या सहीने रेकॉर्डवर यायचं. नामंजुरीची प्रत मागा, असं मी बायांना हळूच सांगायचो. प्रत मागितली की बरेचदा अर्जच मंजूर होऊन यायचा. सिमेंटला कुठल्या वडिलांनी कोणाकडे नामंजुरीची प्रत मागायची होती?

वकिलीबाणा :

हे शेवटचं वाक्य मला युक्तिवादात वापरायला द्या.

२००८ बद्दल एक. तिरकसांनी काढलं ते लेखात यायला हवं, पण ते सत्तेच्या वापराचं प्रकरण नाही, बोलण्याचं आहे. एका ओळीत येईल. आणि महाराष्ट्राचे आजवरचे एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री ही ओळही सरळ लिहा. त्यामुळे त्यांना जास्त झोडपलं म्हणणारेही भेटतील आणि त्यामुळेच झाकलं म्हणणारेही. सिमेंट प्रकरणी लेन्टिन यांच्यासमोर धर्म नव्हता, देणग्यांच्या आणि सिमेंट वाटपाच्या नोंदी होत्या.

खाडीकाठचा :

सगळ्यांचे आभार. टेबलकाका, तुमची 'सही काढून घेतली तर' ही कसोटी तुमच्या टोपणनावासकट वापरतो, चालेल ना?

काल रात्री कच्चा मसुदा घरी वाचला. आत्याचं म्हणणं, योजनेचं लिहिलंस ते ठीक, पण हयातीच्या दाखल्याला उन्हात उभं करतात तेही घाल. वडिलांनी सिमेंटचा परिच्छेद दोनदा वाचायला लावला. 'अंशतः नियंत्रण उठलं' इथे थांबवून म्हणाले, आम्ही गोण्या त्याच्या आधीच घेतल्या होत्या. मग बराच वेळ तेव्हाच्या भावावरून त्यांची आणि काकांची जुंपली. काका अजूनही म्हणताहेत की बिभीषणाचं वकिलांनी सांगितलेलं त्यांना मान्य नाही.

हेडमास्तरांकडे सोमवारी देतो. त्यांनी लेन्टिनची तारीख काढायला सांगितली तर लेख मागे घेणार आहे, आणि मग इथेच टाकेन.

संगायो टेबल :

खुशाल वापरा. आत्यांना सांगा, चालता न येणाऱ्यांनी तलाठ्याला किंवा बँकेच्या माणसाला घरी बोलवायचा अर्ज आधीच देऊन ठेवावा. तोंडी सांगू नका, लेखी द्या आणि पोच घ्या.