प्रिम्युला ॲलिओनी: कड्याच्या कपारीतलं फूल

प्रिम्युला म्हणजे ओलसर कुरणात, ओढ्याकाठी वाढणारं छोटं फुलझाड, असंच सहसा सांगितलं जातं. बहुतेक जातींचं तसंच आहे, पण प्रिम्युला ॲलिओनी वेगळी! फ्रान्स-इटलीच्या सीमेवरच्या मॅरिटाइम आल्प्समधल्या एका छोट्या पट्ट्यापलीकडे ती रानात कुठेच उगवत नाही. तीही चुनखडीच्या उभ्या कड्यांवर, पुढे आलेल्या खडकाच्या आडोशाला, जिथे पाऊस थेट अंगावर येत नाही. पानं चिकट, झाड जेमतेम बोटभर उंच. वसंताच्या तोंडावर मात्र गुलाबी फुलं इतकी दाटतात की खाली पानं आहेत हेही कळत नाही. मला त्या चिवटपणाचं फार अप्रूप वाटतं. नाव इटलीतल्या तुरीन शहराचे वनस्पतिशास्त्रज्ञ कार्लो ॲलिओनी यांच्यावरून पडलं.

प्रिम्युलाच्या एकट्या झाडाला बी का धरत नाही, असाही प्रश्न पडतो. प्रिम्युलात एका झाडाच्या फुलांमधली कुक्षीची (परागकण झेलणाऱ्या टोकाची) दांडी लांब, तर दुसऱ्याची आखूड असते. चांगलं बी धरायला परागकण सहसा दुसऱ्या प्रकारच्या झाडाकडून यावे लागतात. डार्विनने १८६२ मध्ये यावर लिहिलं होतं. बी धरायला आसपास दोन्ही प्रकारची झाडं लागतात, म्हणून कृपा करून रानातलं एकही रोप उपटू नका. हवंच असेल तर रोपवाटिकेत वाढवलेलं घ्या, आणि पाणी घालताना पानं भिजू देऊ नका.