मदत हवी आहे: जॉर्जियाचं फिल्म टॅक्स क्रेडिट छोट्या मराठी चित्रपटाला झेपतं का?

नमस्कार मंडळी,

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या अटलांटा परिसरातली आम्ही पाच-सहा जणं मिळून एक मराठी चित्रपट करतोय. संहिता पक्की झाली आहे, बजेट सव्वासहा लाख डॉलर. निम्मे पैसे आमचे, निम्मे नातेवाईक आणि मित्रांचे. हिशेबाची जबाबदारी माझ्याकडे आहे आणि लोकांनी विश्वासाने दिलेले पैसे बुडू नयेत, एवढीच धडपड आहे.

आत्तापर्यंत कळलेलं असं: राज्यात झालेल्या पात्र खर्चावर जॉर्जिया २०% क्रेडिट देतं, म्हणजे राज्याच्या करात तेवढी सूट. चित्रपटात राज्याच्या प्रसिद्धीचा पीच फळाचा लोगो लावला तर आणखी १०%. वार्षिक मर्यादा नाही. पण पात्र खर्च किमान ५ लाख डॉलर हवा. ४ लाख ९९ हजार झाला तर हातात शून्य! २०२३ पासून लहान-मोठ्या सगळ्यांना ऑडिटही सक्तीचं आहे.

घोडं अडलंय ते या ५ लाखांवर. आमच्या लाइन प्रोड्यूसरने (रोजचा खर्च आणि नियोजन पाहणारा) एक्सेल शीट केली आहे, पात्र खर्च हिरवा आणि अपात्र लाल. हिरव्याची बेरीज येते ४ लाख ८० हजार. कॅमेरा आणि लेन्स न्यूयॉर्कहून भाड्याने घेणार होतो, ती ओळ लाल. साउंड मिक्सिंग पुण्यात, तीही लाल. आणि सगळ्यात जीव अडकलाय तो जेवणाच्या ओळीत. इथल्या एक काकू तीस माणसांचं पोळी-भाजी-वरण-भात रोज सेटवर पोचवायला तयार आहेत, तेही अगदी रास्त दरात. पण घरचा स्वयंपाक, पैसे रोख, बिल नाही. ऑडिटरपुढे ठेवायचं काय? काकूंनी रीतसर व्यवसाय नोंदवून बिल द्यायला सुरुवात केली तर तो खर्च धरतात का? त्यांना सोडून दुसरीकडे जायची माझी मुळीच इच्छा नाही.

एक वाट दिसते. एकाच करवर्षात एकाच कंपनीचे अनेक प्रकल्प मिळून ५ लाख झाले तरी चालतं. आमची एक छोटी वेबमालिकाही ठरते आहे, तिचा खर्च साधारण ४० हजार. दोन्ही एकाच एलएलसीखाली (मर्यादित जबाबदारीची कंपनी) केले तर बेरीज ५ लाख २० हजार होते. असं प्रत्यक्ष कुणी केलंय का? दोन्हींची राज्याकडून मिळणारी पात्रतेची प्रमाणपत्रं वेगवेगळी घ्यावी लागतात का?

दुसरा प्रश्न क्रेडिट विकण्याचा. जॉर्जियाचं क्रेडिट रिफंडेबल नाही, राज्य चेक देत नाही. आमच्या एलएलसीला कर भरावा लागेल इतका नफा कुठला? म्हणजे ज्याला कर भरायचा आहे अशा कुणाला तरी ते विकायचं. ५ लाख २० हजारांवर ३०% म्हणजे १ लाख ५६ हजार. एका दलालाने फोनवर डॉलरला ८७ सेंट सांगितले, म्हणजे १ लाख ३५ हजार ७२०. लेखी मागितल्यावर भाव ८२ वर आला, वर फी आगाऊ. हा ५ सेंटांचा फरक ७,८०० डॉलरचा होतो, आमच्या साउंड रेकॉर्डिस्टचं अख्खं मानधन. मला फार राग आला आणि मी तिथेच थांबले. एवढ्या लहान रकमेला प्रामाणिक भाव काय मिळतो? ऑडिटची फी कुणी आणि किती भरली? आणि पैसे येणार ऑडिट उरकल्यावर, युनिटला मात्र दर आठवड्याला द्यायचे. मधला काळ तुम्ही कसा काढलात? क्रेडिटच्या भरवशावर कर्ज काढलं का?

पीचच्या लोगोबद्दल थोडी धास्ती आहे. त्या वाढीव १०% साठी चित्रपट खरोखर वितरित व्हावा लागतो. महाराष्ट्र मंडळांतले खेळ आणि महोत्सव त्यात धरतात का? नाही धरले तर आमचा आकडा एका झटक्यात १ लाख ४ हजारांवर येतो.

इतर राज्यंही पाहिली. इलिनॉयमध्ये ३० मिनिटांपुढच्या चित्रपटाला १ लाख खर्च पुरतो, पण तिथे भर आहे स्थानिक रहिवाशांच्या पगारावर, आणि आमची माणसं इथली. न्यू मेक्सिकोचं क्रेडिट रिफंडेबल आहे, २५% पासून सुरू होतं; पण चौदा जणांना तिथे नेऊन ठेवायचं म्हणजे बराचसा फायदा राहण्याखाण्यातच जाणार. कॅलिफोर्नियाने २०२५ मध्ये वार्षिक तरतूद ३३ कोटींवरून ७५ कोटी डॉलर केली खरी, पण किमान बजेट १० लाख, म्हणजे ते दार बंद.

आणखी एक भीती. मिशिगनने २००८ मध्ये ४२% पर्यंत क्रेडिट दिलं आणि २०१५ मध्ये योजनाच गुंडाळली. जॉर्जियातही २०२४ मध्ये विकता येणाऱ्या क्रेडिटवर मर्यादा आणण्याचं विधेयक आलं होतं, ते राज्याच्या सिनेटमध्ये अडकलं. शूटिंगच्या मध्येच कायदा बदलला तर आधी मिळालेलं प्रमाणपत्र टिकतं का?

संपादन: खाली प्रतिसादांत विचारलं आहे म्हणून सांगते, मुख्य अभिनेत्री पुण्याहून येणार आहे. बाहेरच्या कलाकाराने जॉर्जियात केलेल्या कामाचं मानधन इथे धरतात, एवढं माहीत आहे. तिच्या मानधनातून राज्याचा कर कसा कापायचा, ते कुणी केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. आणि अशा चित्रपटांचं काम केलेला सीपीए (परवानाधारक लेखापाल) ओळखीचा असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, नाव इथे उघड लिहू नका.