वडिलांची लघवी तुंबलेली निघाली, क्रिएटिनिन ५.८, दुखत मात्र काहीच नव्हतं. नळी काढायची का ठेवायची?

ठिबकवाला (यावल तालुका)
नमस्कार मंडळी. वडील ६८ वर्षांचे, शुगर आहे बऱ्याच वर्षांपासून पण गोळीवर, केळीची शेती, आत्ता आत्तापर्यंत रोज मळ्यात जायचे. मधल्या काळात भूक मेली, पायावर सूज, दम लागल्यासारखं, आणि रात्री अंथरूण ओलं व्हायला लागलं. ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही, आईला माहिती होतं पण तीही लाजेने बोलली नाही. गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं तं क्रिएटिनिन (किडनी किती गाळते ते दाखवणारा आकडा) ५.८ आणि पोटॅशियम वाढलेलं. लगेच जळगावला नेलं. सोनोग्राफीत दोन्ही किडन्यांना सूज, प्रोस्टेट मोठं, आणि लघवी करून आल्यावरही पोटातल्या लघवीच्या पिशवीत भरपूर शिल्लक. नळी टाकली तं सव्वा लिटरच्या वर लघवी निघाली. आम्हाला विश्वासच बसेना, कारण पोट दुखत नव्हतं आणि लघवी तं दिवसातून धा वेळा व्हायची त्यांना. ते स्वतः अजून म्हणून राहिले, "मले काय झालं? मी त सारखा जातो."

आता घरी आणलंय, नळी आहे, क्रिएटिनिन ३.१ वर आलंय. डॉक्टर म्हणतात नळी राहू द्या, नंतर ऑपरेशन. मामा म्हणतात नळीने इन्फेक्शन होतं, काढून टाका, गोळीने मोकळं होतं, त्यांच्या गावात एकाचं झालं. चुलत भाऊ डायलिसिसचं घेऊन बसलाय. वडील रोज सकाळी एकच म्हणतात, काढ हे. पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) पण केली होती कोणीतरी, ती १४ आलीय, म्हणजे कॅन्सर का काय, घरात तो शब्द कोणी उच्चारत नाही. कोणाला अनुभव असेल तं सांगा, किडनी परत होते का पहिल्यासारखी?

अमळनेरकर
घाबरानं नही भो. माझ्या सासऱ्यांचं सेम झालेलं. लग्नात जेवून आले, सर्दी होती म्हणून मेडिकलवरून गोळी घेतलेली, रात्री लघवी बंद ती बंद, ओरडत होते अक्षरशः, पोट नगाऱ्यासारखं. नळी टाकली, प्रोस्टेटची गोळी चालू केली, थोड्या दिवसांनी नळी काढली, आज मस्त फिरतात. ऑपरेशन नाही काही नाही. डॉक्टर लोकांना ऑपरेशनच दिसतं. गोळी चालू करा आणि काढून बघा, काही व्हत नही.

वॉर्डातली_ताई (धुळे)
अमळनेरकर दादा, थांबा जरा. तुमच्या सासऱ्यांचं आणि यांच्या वडिलांचं सेम नाहीये, हे मी रोज वॉर्डात बघते म्हणून सांगते. तुमच्याकडे एकदम अडकली, प्रचंड दुखलं, आणि किडनीचे रिपोर्ट बहुतेक नॉर्मलच असतील. सर्दीच्या गोळीचं म्हणताय ते अगदी बरोबर, त्यातलं क्लोरफेनिरामिन, फिनाइलेफ्रिन, स्यूडोएफेड्रिन यांनी प्रोस्टेटवाल्यांची लघवी अडकते, जोडीला बद्धकोष्ठ असेल तर झालंच. अशा पेशंटला टॅमसुलोसिन, म्हणजे तीच प्रोस्टेटची गोळी, चालू करून थोड्या दिवसांनी नळी काढून बघतात आणि बऱ्याच जणांना होते मोकळी.

यांच्या वडिलांचं हळूहळू तुंबलेलं आहे. पिशवी महिनोन् महिने ताणत गेली की दुखत नाही, तिला सवय होते. साधारण माणसाला दीड-दोनशे मिलीला भावना होते आणि चारशे-पाचशेला थांबवत नाही, इथे सव्वा लिटर साठूनही माणूस मळ्यात काम करतोय. "सारखी होते" म्हणतात ना, ती पिशवी रिकामी होत नसते, वरचं वर सांडत असते. आणि म्हाताऱ्या पुरुषाला नव्याने रात्री अंथरुणात होऊ लागली की आमचे सर पहिला हात ओटीपोटावर ठेवून बघतात. घरचे डायपर आणतात आणि गप्प बसतात.

तुम्ही ठिबकवाले म्हणून सांगते, पुढचा व्हॉल्व्ह बंद आणि मोटर चालूच, तर प्रेशर मागेच जाणार ना. पिशवीतलं प्रेशर सतत जास्त राहिलं की वरून किडनीतली लघवी खाली उतरत नाही, किडनी फुगते, गाळायचं काम कमी होतं, क्रिएटिनिन चढतं. त्यामुळे नळी म्हणजे सध्या त्यांच्या किडनीचं औषध आहे असं समजा. वडिलांनी रागाने ओढली तर आतला फुगा फुगलेला असतो, रक्त येतं, मार्ग फाटतो. त्यांना समोर बसवून समजावून सांगा, पोरांनी सांगितलेलं ऐकत नाहीत हे माहितीये मला, मग जावयाला सांगायला लावा.

हरीओम_शहादा
ऑपरेशन कशाला, आपल्या सातपुड्यात पळस किती आहे. पळसाची फुलं शिजवून कोमट ओटीपोटावर बांधायची, सोबत सराट्याचा काढा आणि रोज नारळपाणी, केळीच्या खांबाचा रस. आमचे आजोबा द्यायचे लोकांना, लघवी सुटायची.

युरो_रेसिडेंट (मूळ चोपडा, सध्या मुंबईत शिकतोय)
हरीओम काका, पळसाची फुलं बांधा, कातडी भाजणार नाही इतकी कोमट असली तर माझी काही हरकत नाही, आमच्या घरीही करायचे. पण नारळपाणी आणि केळीच्या खांबाचा रस या पेशंटला अजिबात नको प्लीज. क्रिएटिनिन ३ आहे, पोटॅशियम आधीच वाढलेलं होतं, आणि नारळपाण्यात भरपूर पोटॅशियम असतं. ते जास्त चढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, त्याला आधी काही लक्षण पण दिसत नाही कधीकधी. काढेही सध्या बंद, ज्याचं प्रमाण माहिती नाही ते फुगलेल्या किडनीवर टाकायचं नाही.

आता मूळ प्रश्न. दोन्ही किडन्या सुजलेल्या, क्रिएटिनिन चढलेलं, शिल्लक लघवी लिटरच्या वर, दुखणं नाही. याला आम्ही हाय प्रेशर क्रॉनिक रिटेन्शन म्हणतो आणि यात गोळी देऊन नळी काढून बघायचा प्रयोग करत नाहीत. लघवी होईल हो थोडीफार, पेशंट खुश, घरचे खुश, आणि मागे किडनी परत फुगायला लागेल, परत न दुखता. म्हणून ऑपरेशनपर्यंत नळी ठेवा हे तुमच्या डॉक्टरांनी बरोबर सांगितलंय. मामांना हा पॅरा वाचून दाखवा.

किडनी परत येते का, तर ५.८ वरून ३.१ ही चांगली दिशा आहे. बहुतेक सुधारणा पहिल्या एक-दोन आठवड्यात होते, मग हळूहळू काही महिने उतरत राहतं आणि कुठेतरी थांबतं. ते १.२ वर थांबेल का २ वर हे किती दिवस तुंबलं होतं आणि शुगरने आधीच किती नुकसान केलंय त्यावर आहे, आज कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर ऐकू नका. डायलिसिसचं म्हणाल तर अडथळा मोकळा होऊन क्रिएटिनिन असं उतरत असताना सहसा लागत नाही. पोटॅशियम हाताबाहेर गेलं, फुफ्फुसात पाणी झालं किंवा लघवी तयारच होईना तर वेगळं.

नळी टाकल्यावर त्यांना खूप लघवी झाली असेल ना, तासाला २०० मिलीच्या वर? साठलेलं पाणी, मीठ, युरिया बाहेर पडत असतं. २४ तासात ३ लिटरच्या वर गेलं तर बीपी, सोडियम, पोटॅशियम बघत बसावं लागतं, त्यासाठीच अॅडमिट ठेवतात, बिल वाढवायला नाही. थोडी लाल लघवी पण होते एक-दोन दिवस, ती बहुतेक वेळा आपोआप थांबते.

पीएसए १४ वरून रात्रीची झोप घालवू नका. लघवी तुंबली, नळी टाकली, इन्फेक्शन झालं की पीएसए चढतंच. काही आठवडे जाऊ द्या, मग परत करा. युरोलॉजिस्टने बोटाने प्रोस्टेट तपासलं आणि ते कडक, गाठीगाठीचं लागलं तर गोष्ट वेगळी, ते त्यांना स्पष्ट विचारा.

ठिबकवाला (यावल तालुका)
खूप धन्यवाद साहेब, ताई. हो, पहिल्या रात्री पिशवी सारखी रिकामी करावी लागत होती, मला वाटलं सलाईनमुळे. मामांना वाचून दाखवलं, ते आता म्हणतात मी असं बोललोच नव्हतो. एक विचारायचं, गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक घेतात ते रोज एक, चालेल ना? आणि घरची केळी बंद केलीत तर माणूस चिडून राहिला, घड समोर लटकतोय आणि मले देत नाही म्हणतात. ऑपरेशनने नळी कायमची सुटेल का?

युरो_रेसिडेंट (मूळ चोपडा, सध्या मुंबईत शिकतोय)
डायक्लोफिनॅक आजपासून बंद. आयबुप्रोफेन, अॅसिक्लोफिनॅक, त्या सगळ्या खानदानाची गोळी बंद, या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात. गुडघ्याला पॅरासिटामॉल, शेक. शुगरची गोळी कोणती आहे बघा, मेटफॉर्मिन असेल तर क्रिएटिनिन एवढं असताना ती चालवत नाहीत, डॉक्टरांना आजच फोन करा, स्वतःहून बंद करून शुगर मोकाट पण सोडू नका. केळी पोटॅशियमच्या पुढच्या रिपोर्टवर ठरेल, कायमची बंदी नाहीये, यावलच्या माणसाला तेवढं तरी सांगा.

ऑपरेशन म्हणजे बहुतेक टीयूआरपी किंवा लेझर. पोटावर चिरा नाही, लघवीच्या मार्गानेच दुर्बीण घालून आतून अडथळा काढतात, साधारण कमरेतून भूल देऊन, आणि निघालेला तुकडा तपासायला पाठवतात. क्रिएटिनिन उतरून एका आकड्यावर स्थिर झालं की करतात. पण एक आधीच ऐकून ठेवा, इतके दिवस ताणलेली पिशवी आणि वर शुगर, म्हणजे पिशवीचा स्नायूच ढिला पडलेला असू शकतो. मग रस्ता मोकळा केला तरी ढकलणारं कोणी नाही. काही जणांना त्यासाठी आधी युरोडायनामिक टेस्ट, म्हणजे पिशवीचा जोर मोजायची तपासणी, करतात. हा प्रश्न ऑपरेशनच्या आधी विचारा, नंतर भांडण नको.

बोदवडची_सून
तेच लिहायला आले. माझ्या सासूबाईंना प्रोस्टेटचा प्रश्नच नाही, तरी लघवी तुंबायची, शुगरने नसा गेल्या. सारखं इन्फेक्शन, थंडी वाजून ताप, अँटिबायोटिक, महिन्याने परत तेच. एकाही ठिकाणी लघवी करून झाल्यावरची सोनोग्राफी केली नाही, केली तेव्हा कळलं. आता त्या स्वतः दर चार-पाच तासांनी बारीक नळीने लघवी काढतात आणि नळी काढून टाकतात, हात साबणाने धुवायचे, बस. पहिले आठ दिवस रडल्या, आरशाशिवाय जमत नव्हतं. आता एसटीने पंढरपूरला जाऊन आल्या. कायमची नळी आणि पिशवी लटकवण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं, तुमच्या वडिलांनाही वेळ आली तर नाही म्हणू नका.

एसटीने_जाणारी (साक्री)
विषय निघालाच आहे तर, मी शाळेत शिक्षिका आहे, संडासची सोय म्हणजे नसल्यातच जमा, सकाळी घरून जाते ती संध्याकाळी घरीच येऊन. पाणीच पीत नाही त्यामुळे. माझ्याही किडन्या अशाच फुगतील का? खरं सांगा, हे वाचून घाबरले.

वॉर्डातली_ताई (धुळे)
मॅडम, ज्याचा रस्ता मोकळा आहे आणि पिशवीचा स्नायू ठीक आहे, त्याने काही तास दाबून धरली म्हणून किडनी फुगत नाही. तुम्ही घरी गेल्यावर पूर्ण रिकामी होते ना, तोच फरक. पण तुमचं पाणी न पिणं मला जास्त खटकतं. आपल्याकडे मे महिन्यात ४४-४५ चा पारा, आणि बाई दिवसभर कोरडी, मग उन्हाळी लागणार, इन्फेक्शन होणार, मुतखडे होणार. जळजळ झाली तर लघवी तपासा, थंडी वाजून ताप आणि कमरेत एका बाजूला दुखलं तर त्याच दिवशी डॉक्टर, ते वर किडनीपर्यंत गेलेलं असतं. गरोदर असाल तर जळजळीची सुद्धा वाट बघायची नाही. बायकांची लघवी तुंबत नाही असं मात्र नाही, बाळंतपणानंतर, ऑपरेशननंतर, अंग बाहेर येत असेल तर तुंबते. आणि शाळेच्या संडासचा अर्ज सगळ्या बायकांनी मिळून द्या, एकटीचा फाइलला लागतो.

ठिबकवाले दादा, नळीचं राहिलंच. पिशवी कायम कमरेच्या खाली, पण जमिनीला टेकवायची नाही. मळ्यात जायचंच म्हटले तर मांडीला बांधायची छोटी पिशवी मिळते. बाहेरून रोज साबण-पाणी, डेटॉल नको. लॅटेक्सची असेल तर दोन-तीन आठवड्यात बदलावी लागते, सिलिकॉनची बारा आठवड्यांपर्यंत चालते, कोणती टाकलीय ते डिस्चार्ज कार्डवर बघा. नळी असताना लघवीत जंतू निघतातच, ताप नसेल तर त्यावर अँटिबायोटिक मागू नका. दोन-तीन तास पिशवीत काहीच आलं नाही, किंवा नळीच्या बाजूने गळून पोट तटतटलं, तर रात्रीचे दोन वाजले तरी जा. ऑपरेशन जनआरोग्य योजनेत बसतं का ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा, रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या.

ठिबकवाला (यावल तालुका)
ताई, डिस्चार्ज कार्डवर सिलिकॉन लिहिलंय. गोळी मेटफॉर्मिनच निघाली, डॉक्टरांनी फोनवरच बंद करून दुसरी सांगितली. वडिलांना जावयाने समजावलं आणि खरंच ऐकलं. अजून एक, त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलेलं आहे आणि ही टॅमसुलोसिन आता चालू झालीय, काही संबंध नाही ना?

युरो_रेसिडेंट (मूळ चोपडा, सध्या मुंबईत शिकतोय)
बरं झालं विचारलंत, संबंध आहे. या गोळीने डोळ्यातला बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा सैल पडतो, ऑपरेशनच्या वेळी बाहुली नीट मोठी होत नाही. आधी माहिती असेल तर डोळ्याचे डॉक्टर त्या तयारीने करतात, अडचण येत नाही. गोळी चार दिवस आधी बंद करून भागत नाही, परिणाम राहतो, त्यामुळे बंद करू नका, फक्त चिठ्ठी दाखवा. आणि ही गोळी घेऊन एकदम उठू नका म्हणावं, चक्कर येते, रात्री आधी खाटेवर बसायचं, मग उभं राहायचं.